खंजेरीचा आवाज मदरबोर्डात शोधताना

पत्राचा सारांश : यवतमाळ जिल्ह्यातील एका गावातून २७ वर्षांच्या एका वाचकाने लिहिले आहे. गावात ते ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे आणि प्रिंट काढून देण्याचे छोटे दुकान चालवतात. दुकानातला जुना संगणक बंद पडल्याने यंदाच्या कापसाच्या चुकाऱ्यातून ४५ हजार रुपये बाजूला काढून त्यांनी नवा संगणक जुळवून घेण्याचे ठरवले आहे. या संगणकाकडून त्यांना आणखी एक काम करून घ्यायचे आहे. त्यांचे ७८ वर्षांचे आबाजी गावच्या खंजेरी भजन मंडळात तरुणपणापासून गातात; मंडळातल्या जुन्या गाणाऱ्यांपैकी आता तिघेच उरले आहेत आणि त्यांना पाठ असलेली कित्येक भजने कोठेही लिहिलेली नाहीत. ती ध्वनिमुद्रित करून ठेवावीत, अशी या वाचकाची इच्छा आहे. नागपुरात सीताबर्डीवरच्या एका दुकानदाराने त्यांना दोन मदरबोर्ड (संगणकाचे सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी) सुचवले : एक ८ हजारांचा, ज्यावर रिअलटेकची एएलसी ८९७ ही ध्वनीची चिप आहे, आणि दुसरा साडेसतरा हजारांचा, ज्यावर एएलसी १२२० आहे आणि ज्याच्या खोक्यावर '१२० डेसिबल' असे ठळक छापले आहे. रेकॉर्डिंग करायचे असेल तर दुसराच घ्या, असा दुकानदाराचा आग्रह आहे. चुलत भाऊ म्हणतो की मदरबोर्डावरचा आवाज टाकाऊच असतो, वेगळे साउंड कार्ड घ्यावे. वाचक विचारतात : दुकानात बसून मदरबोर्डाच्या आवाजाचा दर्जा ओळखायचा कसा? आणि साडेनऊ हजार रुपये जास्त टाकले तर आबाजींचा आवाज खरेच चांगला येईल का? आबाजींनी नातवाला विचारलेला प्रश्नही त्यांनी कळवला आहे : "त्या मशिनीत आमचा आवाज आमच्यासारखाच येईन काय रे?"

उत्तर :

प्रिय वाचक, तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मी दोन-तीनदा वाचले. तुमच्या दुकानदाराने, भावाने आणि तुम्ही स्वतः जे प्रश्न मांडले आहेत, त्यांपेक्षा आबाजींचा प्रश्न अधिक नेमका आहे, आणि माझे उत्तर मी त्याच प्रश्नाच्या अंगाने देणार आहे. निर्णय आधीच सांगून टाकतो : आठ हजारांचा मदरबोर्ड घ्या. मात्र त्यामागची कारणे नीट समजून घ्या, कारण उरलेले साडेनऊ हजार कोठे लावायचे हे त्या कारणांवरूनच ठरेल, आणि कारणे न समजता पैसे वाचवले तर ते दुसऱ्याच चमकदार वस्तूवर जातील.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. मदरबोर्डाचा आवाज चांगला असेल तर त्यात घेतलेला आवाजही चांगला येईल, असे तुम्ही मानले आहे. संगणकाला आवाज ऐकवण्याचे आणि आवाज घेण्याचे अशी दोन वेगळी कामे असतात. साठवलेल्या आकड्यांचे रूपांतर विजेच्या लहरीत करून ती स्पीकरकडे पाठवणे हे पहिले काम, आणि माइककडून आलेली लहर मोजून तिचे आकडे करणे हे दुसरे. एएलसी ८९७ किंवा १२२० या चिपांना कोडेक म्हणतात, कारण त्या एकाच तुकड्यात ही दोन्ही कामे करतात. पण दोन्ही सारख्याच कौशल्याने करतात असे नाही. खोक्यावर छापलेले १२० डेसिबल हे ऐकवण्याच्या मार्गाचे आहेत. त्याच घराण्यातल्या जुन्या चिपा पाहिल्या तर हे स्पष्ट दिसते : एएलसी ११५० साठी कंपनीने ऐकवण्याच्या मार्गाला ११५ डेसिबल सांगितले होते, तर आवाज घेण्याच्या मार्गाला १०४, स्वस्त बोर्डांवर वर्षानुवर्षे बसत आलेल्या एएलसी ८८७ साठी हेच आकडे ९७ आणि ९० असे होते. म्हणजे खोक्यावरच्या ज्या आकड्यासाठी तुमच्याकडून जास्तीचे पैसे मागितले जात आहेत, तो तुमच्या कामाचा आकडाच नव्हे.

हे डेसिबल काय सांगतात, तेही पाहू. चिप जो सर्वांत मोठा संकेत हाताळू शकते आणि तिच्या स्वतःच्या आत जी बारीक खरखर सदैव चालू असते, त्या दोहोंमधले अंतर म्हणजे हा आकडा. दर २० डेसिबलला संकेताची उंची दसपट होते, त्यामुळे ९० आणि १२० यांतला फरक कागदावर फार मोठा आहे. पण तुमची खोली मोजा. रात्री नऊनंतर, पंखा बंद करून, शांत असलेल्या गावातल्या खोलीतही पार्श्वभूमीचा आवाज साधारण ३० डेसिबलच्या आसपास राहतोच. रातकिडे, दूरचे कुत्रे, शेजारचा टीव्ही हे सगळे त्यात आले. माइकपासून वीतभर अंतरावर गाणारा माणूस जोरात गातो तेव्हा माइकपाशी आवाजाची पातळी नव्वदीच्या थोडी पुढे जाते. म्हणजे आबाजींचे भजन आणि तुमच्या खोलीची शांतता यांत जेमतेम ६० ते ६५ डेसिबलचे अंतर आहे. ते मावण्यासाठी ९० डेसिबलचे भांडे पुरेसे मोठे आहे. १२० चे भांडे आणले म्हणून त्यात जास्त भजन मावणार नाही.

मग स्वस्त बोर्डावर थेट माइक लावला की आवाज खरखरीत का येतो, असा प्रश्न तुमच्या मनात येईल, आणि तो योग्य आहे. याचे कारण कोडेकच्या आधीच्या पायरीवर आहे. भजनात आणि सभेत वापरतात तो साधा डायनॅमिक माइक मोठ्या गाण्यावरही साधारण दोन मिलिव्होल्टचा संकेत देतो. टेपरेकॉर्डर किंवा मिक्सरसारख्या उपकरणांच्या 'लाइन' पातळीचा संकेत सुमारे ३०० मिलिव्होल्टचा असतो. ही दीडशे पटींची वाढ कोणीतरी करावी लागते, आणि हे काम करणाऱ्या भागाला प्रीअँप म्हणतात. मदरबोर्डावरच्या माइकसाठीच्या गुलाबी जॅकच्या मागेही एक प्रीअँप असतो, पण तो हेडसेटवर बोलण्यासाठी दिलेला असतो. विंडोजमधले 'मायक्रोफोन बूस्ट' १०, २०, ३० डेसिबल असे वाढवत नेले की आबाजींच्या आवाजाबरोबर त्या प्रीअँपची सळसळही तितक्याच पटीने वाढते. ही उणीव आठ हजारांच्या बोर्डावर आहे आणि साडेसतरा हजारांच्या बोर्डावरही आहे, थोडी कमी इतकेच. शिवाय गुलाबी जॅकमधून हेडसेटच्या छोट्या माइकसाठी थोडा डीसी दाब सोडलेला असतो, जो डायनॅमिक माइकला नको असतो. आणि ज्या स्टुडिओ कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट लागतात, त्याला हा दाब अगदीच अपुरा पडतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे, तार थेट गुलाबी जॅकमध्ये जाणारे 'स्टुडिओ माइक' म्हणूनच निराशा करतात. तीन पिनांच्या माइकला बाजारातली कोणतीही तार लावून ती या जॅकमध्ये खोचली, तर एकाच आवाजाच्या सुलट आणि उलट अशा दोन प्रती डाव्या-उजव्या बाजूंना जाऊन एकमेकींना पुसून टाकतात आणि गाणारा विहिरीतून गात असल्यासारखा वाटतो, हेही ध्यानात असू द्या.

तुमच्या भावाचे म्हणणे पूर्ण चूक नाही. ते जुने आहे. १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर कार्ड आले तेव्हापासून कित्येक वर्षे संगणकाला ऐकण्याजोगा आवाज द्यायचा तर वेगळे कार्डच लागत असे, आणि १९९७ च्या एसी ९७ मानकाच्या काळात मदरबोर्डावरचा आवाज खरोखर सुमार असायचा. २००४ मध्ये इंटेलने हाय डेफिनिशन ऑडिओ हे मानक आणले आणि नंतरच्या वर्षांत चिपाही सुधारत गेल्या. आज ऐकण्यापुरते बोलायचे तर साध्या बोर्डावरचा आवाजही सीडीच्या दर्जाच्या जवळ जातो. १६ बिटांच्या सीडीची सैद्धांतिक मर्यादाच सुमारे ९६ डेसिबल आहे. म्हणून भावाला सांगा की ऐकण्यासाठी वेगळे कार्ड नको, आणि आवाज घेण्यासाठी कॅबिनेटच्या आत बसणारे कार्ड नको. बाहेर बसणाऱ्या वस्तूबद्दल पुढे लिहितो.

आता तुमचा मूळ प्रश्न : मदरबोर्डावरच्या आवाजाचा दर्जा ओळखायचा कसा? याच प्रश्नासाठी हे सदर वाचणारे इतरही असतील, ज्यांना ध्वनिमुद्रण करायचे नाही पण चांगल्या हेडफोनवर गाणी ऐकायची आहेत, म्हणून येथे थोडे थांबतो. चिपेचा क्रमांक ही पहिली खूण आहे, निकाल नव्हे. कंपनीने दिलेला आकडा चिप आदर्श परिस्थितीत चालवून काढलेला असतो. ती बोर्डावर बसली की तिच्या शेजारी प्रोसेसरला वीज देणारे भाग सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत असतात, जवळून यूएसबी आणि ग्राफिक कार्डाच्या रेषा जातात, आणि या सगळ्यांची कुजबुज तिच्या कानावर पडते. एकच एएलसी १२२० एका बोर्डावर स्वच्छ आणि दुसऱ्या बोर्डावर कुरकुरणारी असू शकते. म्हणून बोर्डाचा फोटो मोठा करून मागच्या जॅकांजवळचा कोपरा पाहावा. चिप आणि जॅक यांच्याभोवती पट्टीसारखी एक रेघ गेलेली दिसते का, म्हणजे ध्वनीचा भाग उरलेल्या बोर्डापासून अलग ठेवला आहे का, हे महत्त्वाचे आहे. त्या भागात ध्वनीसाठी म्हणून बनवलेले, बहुधा सोनेरी रंगाचे कपॅसिटर आहेत का, तेही पाहावे. हेडफोनसाठी वेगळा अँप असेल तर ती गोष्ट २५०-३०० ओहमच्या जड हेडफोनवाल्यांना उपयोगी आहे. तुमच्या-माझ्यासारख्यांचे इअरफोन १६ ते ३२ ओहमचे असतात आणि त्यांना त्याची गरज पडत नाही. चिपेवरचे धातूचे झाकण थोडे उपयोगी, आणि त्या रेघेखाली चमकणारे दिवे निव्वळ शोभेचे. प्रोसेसरसाठीचा चिपसेट, म्हणजे एच ६१० की बी ७६०, याचा कोडेकच्या दर्जाशी थेट संबंध नसतो, हेही दुकानदाराला शांतपणे सांगा.

फोटोपेक्षा कान अधिक खरे बोलतात. दुकानात त्या बोर्डाचा जुळवलेला संगणक चालू असेल तर तुमचा नेहमीचा, कान झाकणारा हेडफोन घरून घेऊन जा, कारण बर्डीवरच्या गर्दीत उघड्या इअरफोनवर काही कळणार नाही. हेडफोन मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा, काहीही न वाजवता आवाज पूर्ण वाढवा आणि नुसते ऐका. मंद, सारखी सळसळ असेल तर ती क्षम्य आहे. मग माऊस गोल फिरवा, एखादी मोठी फाइल कॉपी करायला लावा. त्या हालचालीबरोबर चिवचिव किंवा कुरकुर ऐकू आली तर बोर्डाच्या आतली कुजबुज ध्वनीच्या भागात शिरते आहे, आणि मग तो बोर्ड कितीही महाग असो, घेऊ नका. हीच परीक्षा कॅबिनेटच्या पुढच्या जॅकवर करून पाहा. तेथेच आवाज खराब आणि मागे स्वच्छ असेल तर दोष बोर्डाचा नसून पुढच्या जॅककडे जाणाऱ्या, ग्राफिक कार्डाला खेटून गेलेल्या तारेचा असतो. तो सुधारता येतो किंवा मागचा जॅक वापरून टाळता येतो. ज्यांना मोजमापच हवे आहे त्यांनी दोन्ही टोकांना साडेतीन मिलिमीटरची पिन असलेली तार हिरव्यातून निळ्या जॅकमध्ये जोडून राइटमार्क ऑडिओ अॅनालायझरसारख्या प्रोग्रामने चाचणी घ्यावी. मात्र तिचा निकाल ऐकवणारा आणि घेणारा या दोन मार्गांपैकी जो कमकुवत असेल त्याचा असतो. आणि ज्यांचे स्पीकर ब्लूटूथचे आहेत, हेडसेट यूएसबीचा आहे किंवा आवाज एचडीएमआयने टीव्हीकडे जातो, त्यांच्या आवाजाचा या चिपेशी काहीच संबंध येत नाही. त्यांनी या कारणासाठी एक रुपयाही जास्त मोजू नये.

वर निळ्या जॅकचा उल्लेख आला. तुमच्या दोन बोर्डांच्या निवडीत मला तो सर्वांत मोलाचा वाटतो आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही. निळा जॅक म्हणजे 'लाइन इन'. जेथे प्रीअँपचे काम बाहेर झालेले आहे असा तयार संकेत या जॅकमधून आत घेता येतो, आणि अशा संकेताला मदरबोर्डाचा कमकुवत प्रीअँप लागतच नाही. साध्या बोर्डांच्या मागे हिरवा, गुलाबी आणि निळा असे तीन जॅक बहुतेक वेळा असतात. अलीकडच्या कित्येक महाग बोर्डांवर मात्र दोनच जॅक आणि एक ऑप्टिकल छिद्र उरले आहे. म्हणजे जास्त पैसे देऊन तुम्ही नेमका उपयोगाचा जॅक गमावू शकता. दोन्ही बोर्डांचे मागच्या बाजूचे फोटो पाहून ही खात्री आधी करा.

तुमच्या भजन मंडळाकडे स्वतःचा अँप्लिफायर असणारच. त्याच्या मागे 'लाइन आउट' किंवा 'रेक आउट' असे लिहिलेले सॉकेट आहे का, ते टॉर्च लावून पाहा. असेल तर योग्य तारेने ते निळ्या जॅकला जोडून, आणखी काहीही न विकत घेता, पहिले ध्वनिमुद्रण करता येईल, आणि ते गुलाबी जॅकपेक्षा कितीतरी चांगले येईल. येथे एक इशारा मात्र मनापासून देतो. भोंगे ज्या सॉकेटांना जोडतात त्यांना संगणकाची तार चुकूनही लावू नका. गावातल्या अँप्लिफायरांमधून भोंग्यांसाठी ७० किंवा १०० व्होल्टची लाइन निघते, आणि ती निळ्या जॅकमध्ये गेली तर क्षणात बोर्ड जळेल आणि तार धरणाऱ्यालाही धक्का बसेल.

लाइन आउट नसेल, किंवा मंडळाचा अँप्लिफायर दर वेळी मिळणार नसेल, तर वाचलेल्या साडेनऊ हजारांचा खरा उपयोग आता येतो. बाहेर बसणारी, यूएसबीने जोडायची, एक किंवा दोन माइकांची छोटी पेटी मिळते; तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. तिच्यात माइकसाठी केलेला प्रीअँप असतो, बहुतेकींत ४८ व्होल्टची सोय असते, आणि आवाजाचे आकडे करण्याचे काम कॅबिनेटच्या गोंगाटाबाहेरच उरकते. संगणकाकडे जातात ते आकडेच. फोकसराइट, बेहरिंगर यांसारख्या कंपन्यांच्या प्राथमिक पातळीच्या पेट्या नागपुरात वाद्यांच्या दुकानांत विचारा, संगणकाच्या दुकानात नव्हे. बेताच्या दर्जाची एक पेटी आणि एक साधा डायनॅमिक माइक मिळून तुमच्या फरकाच्या रकमेच्या आसपास बसवता यावेत. भाव बदलतात, म्हणून दोन ठिकाणी विचारून घ्या. या पेटीचा आणखी एक लाभ तुमच्यासारख्या गावात राहणाऱ्याला फार मोठा आहे. मृगाच्या आधीच्या विजांच्या कडकडाटात किंवा दाबाच्या चढउतारात उद्या मदरबोर्ड गेलाच, तर त्यावर घातलेले आवाजाचे पैसे त्याच्याबरोबर जातात. पेटीची तार काढून ठेवलेली असेल तर ती पुढच्या संगणकाला लावता येते. तुम्ही घेता तोच संगणक दुकानाचे काम करणार आहे, म्हणून बोर्ड निवडताना मागे यूएसबीचे जॅक पुरेसे आहेत का आणि त्या कंपनीची दुरुस्तीची सोय नागपुरात आहे का, या दोन गोष्टींना मी आवाजाच्या चिपेपेक्षा वरचे स्थान देईन.

आणि आता अर्थिंग. हे वाचून तुम्हाला वाटेल की विषय सोडून गेलो, पण गावात घेतलेल्या ध्वनिमुद्रणात जी घूं ऐकू येते, तिच्या मुळाशी मी चिप क्वचित पाहिली आणि अर्थिंग वारंवार पाहिले. काही वर्षांपूर्वी एका गावातल्या शाळेत मुलांच्या कवितांचे ध्वनिमुद्रण करायला मी मदतीला गेलो होतो. सगळ्या कवितांच्या मागे एक जाड गुणगुण येत होती. आम्ही तार बदलली, माइक बदलला, दुसऱ्या दिवशी यवतमाळहून साउंड कार्ड मागवून तेही बदलले, आणि गुणगुण तशीच राहिली. शेवटी संगणकाच्या कॅबिनेटला हात लागला तेव्हा मुंग्या आल्यासारखे झाले आणि मी भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडायला लावला. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये तिसरी, जाड पिन बसत होती. तिच्या मागे तारच नव्हती. दोन दिवस आम्ही जी खोट यंत्रात शोधत होतो, ती भिंतीत होती.

याचे कारण साधे आहे. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या डब्यात, विजेची खरखर जमिनीत सोडण्यासाठी काही छोटे कपॅसिटर मुद्दाम कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंगची तार असेल तर ती खरखर निमूट जमिनीत जाते. ती नसेल तर कॅबिनेट मेन लाइनच्या निम्म्या दाबाच्या आसपास तरंगत राहते. करंट अगदी थोडा असल्याने बहुधा मुंग्यांवर भागते, पण माइकच्या दोन मिलिव्होल्टांपुढे हा दाब राक्षसासारखा आहे. आपल्या काळ्या मातीत आणखी एक अडचण असते. पावसाळ्यात ओलाव्याने फुगलेली ही माती चैत्र-वैशाखात आकसते, तिला भेगा पडतात, आणि खड्ड्यातली अर्थिंगची पट्टी किंवा पाइप मातीपासून सुटतो. दिवाळीत स्वच्छ येणारा आवाज अक्षय तृतीयेला गुणगुणायला लागतो तो त्यामुळे. वायरमनला बोलावून मल्टिमीटरने तीन मापे घ्यायला लावा : फेज आणि न्यूट्रल यांत, फेज आणि अर्थ यांत, आणि न्यूट्रल व अर्थ यांत. पहिली दोन मापे जवळपास सारखी यावीत आणि तिसरे दोन-तीन व्होल्टांच्या आत असावे. तसे नसेल तर कोळसा आणि मीठ घालून खड्डा नव्याने करून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओता. हा खर्च आवाजासाठी आहेच, पण दुकानात येणाऱ्या माणसांच्या सुरक्षेसाठीही आहे.

अर्थिंग चांगले असूनही अँप्लिफायर जोडल्यावरच घूं येत असेल, तर दोन्ही यंत्रे एकाच एक्सटेंशन बोर्डावरून चालवून पाहा. दोघांच्या जमिनीच्या वाटा निराळ्या असल्या की त्यांच्यामधून विजेचा फेरा तयार होतो. तेवढ्याने गेले नाही तर ध्वनीच्या तारेत बसवायचा छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो. काही जण घूं घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिनच तोडतात. तसे कधीही करू नका, कोणी सांगितले तरी. लाइन गेल्यावर चौकोनी लहरींचा इन्व्हर्टर चालू झाला की आवाजात वेगळीच करवत घुसते, म्हणून ध्वनिमुद्रण लाइन असतानाच करा. खोट नेमकी कोठे आहे हे कळत नसेल तर कोणाचा तरी लॅपटॉप अर्धा तास मागून आणा, चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर तीच पेटी आणि तोच माइक लावा; घूं नाहीशी झाली तर दोष विजेच्या वाटेत आहे, राहिली तर तार किंवा माइक तपासा.

खंजेरीबद्दल थोडे सांगायचे आहे. तिच्या चकत्यांचा झणकार क्षणार्धात उसळतो, गाणाऱ्याच्या आवाजाच्या कितीतरी वर जातो आणि लगेच विरतो. ध्वनिमुद्रणाची पातळी आबाजींच्या गळ्यावर बेतली तर प्रत्येक थापेला लहर वरून कापली जाईल, आणि कापलेला आवाज नंतर कोणत्याही प्रोग्रामने सांधता येत नाही. सर्वांत जोरातला चरण आधी गाऊन घ्या आणि त्या वेळी पातळीचा काटा शून्याच्या, म्हणजे लहर कापली जाते त्या टोकाच्या, १२ डेसिबल खाली राहील असे बटण लावा. खंजेरी वाजवणाऱ्याला माइकच्या समोर न बसवता बाजूला, दोन हात मागे बसवा. संगणकात ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. ४८ हजार हर्ट्झ आणि २४ बिट ठेवा. स्टिरिओचा एक तास सुमारे १ गिगाबाइट जागा घेईल. मूळ फाइल वेव्ह किंवा फ्लॅक या, आवाजातले काहीही न गाळणाऱ्या स्वरूपातच जपा, एमपी३ प्रत व्हॉट्सअॅपवर पाठवण्यापुरती करा, आणि मूळ फाइलची दुसरी प्रत वेगळ्या घरात ठेवलेल्या डिस्कवर असू द्या. मदरबोर्डाबरोबर येणाऱ्या ध्वनीच्या प्रोग्राममधली आणि विंडोजमधली नॉइज सप्रेशन, इको कॅन्सलेशन ही सगळी 'सुधारणा' बंद करा. ती बोलण्यासाठी केलेली आहे. सारखी वाजणारी खंजेरी तिला गोंगाट वाटते आणि ती ताल गिळून टाकते.

खोलीचा परिणाम चिपेपेक्षा कितीतरी मोठा असतो. टिनाच्या छताखाली, सिमेंटच्या उघड्या भिंतींत आवाज घुमतो आणि तो घुमारा काढता येत नाही. कापसाच्या घरात तुम्ही राहता; वेचणीच्या दिवसांत ज्या खोलीत कापूस साठवता, तिच्याइतकी चांगली खोली तुम्हाला पैसे देऊनही मिळणार नाही, फक्त तेथे दिवा-उदबत्ती लावू नका आणि उघडी वायर नेऊ नका. कापूस विकून झाला असेल तर गोधड्या, गाद्या भिंतींना उभ्या टेकवा. संगणक दाराबाहेर ठेवा आणि माइकची लांब तार आत आणा, म्हणजे पंख्याचा आवाज येणार नाही.

पहिल्या दिवशी मंडळाला बोलावू नका. आबाजींना एकट्याला बसवा, एक कडवे माइकपासून वीतभर अंतरावरून गाऊन घ्या, तेच कडवे हातभर अंतरावरून घ्या, आणि दोन्ही त्यांना हेडफोन लावून ऐकवा. जे त्यांना आपल्यासारखे वाटेल, त्या अंतरावर जमिनीवर खडूने रेघ ओढा आणि पुढच्या प्रत्येक बैठकीला त्यांचे आसन त्याच रेघेवर मांडा.